रिकाम्या ताटाचं गाणं

घाटेकाकांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी ट्यूनिंग फोर्क असायचा. शाळेत आपण त्याला नादकाटा म्हणायचो, तोच. फोन वाजला की आधी तो गुडघ्यावर आपटून कानाशी धरायचे, मग फोन घ्यायचे. शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भांड्यांच्या दुकानात एकदा त्यांनी ओळीने सहा पातेली वाजवून पाहिली आणि मालकाला सांगितलं, "हे चौथं तेवढं सुरात आहे, हेच द्या." मालकाला सवय होती. त्याने चौथं पातेलं बांधून दिलं. शालनकाकू दुकानाबाहेर, आपण या माणसाबरोबर आलेलोच नाही असा चेहरा करून उभ्या होत्या.

काका मूळचे नागपूरच्या महाल भागातले. शिकागोतल्या एका रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं केमिस्ट होते आणि मला भेटले तेव्हा नुकते रिटायर झाले होते. दोन हजार एकचा हिवाळा होता. आम्ही त्यांच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर राहायचो. नवरा ऑफिसला गेला की मी, पुण्यात चार वर्षं प्रोग्रॅमिंग केलेली बाई, डिपेंडंट व्हिसावर नोकरीची परवानगी नाही म्हणून घरात बसून रस्त्यावरून बर्फ काढणारी गाडी किती वेळा जाते ते बघत असे. एकदा बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीनपाशी मी काहीतरी गुणगुणत होते. मागून आवाज आला, "पट्टी उतरली तुझी. मशीननं खाली ओढलं तुला." वळून पाहिलं तर हातात चादरींचा ढीग घेतलेला, कानावरून मफलर गुंडाळलेला एक उंच म्हातारा. मी लहानपणी पुण्याच्या कॅम्पातल्या एका बाईंकडे पियानो शिकले होते, हे त्यांनी पाच मिनिटांत माझ्याकडून काढून घेतलं.

"नोटेशन वाचता येतं?"

"येतं थोडं."

"मग उद्या दहाला ये. घरी बसून काय करून राहिली तू? काकू पोहे करते."

दुसऱ्या दिवशी पोहे खाता खाता मला कळलं की हे गृहस्थ गेली पंचवीस वर्षं दर रविवारी एका पोलिश चर्चच्या गायकवृंदात गातात. खर्जातला आवाज, शेवटची रांग, डावीकडून दुसरे. तिथे गोरे नसलेले ते एकटेच. काकू म्हणाल्या, "आपल्या गणपतीच्या आरतीला उभं राहायला यांचे गुडघे दुखतात. तिकडे तीन-तीन तास उभे असतात. सवत आणली असती तर निदान तिला कामाला लावलं असतं."

याची सुरुवात कारखान्यात झाली होती. शेजारच्या टाकीवर स्टाशेक नावाचा पोलिश फोरमन होता. रंग घोटताना तो मोठ्याने गायचा आणि गाता गाता रडायचा. काकांनी एकदा विचारलं, बाबा रे, झालं काय. स्टाशेकने डबा खाता खाता जे सांगितलं ते काका पुढे कितीतरी वर्षं भेटेल त्याला सांगत राहिले.

"बघ मेधा, तीन राज्यांनी मिळून यांचा देश वाटून घेतला. नकाशावरून नाव गेलं. शाळेत भाषा बंद, कचेरीत बंद. मग राहिलं काय? थिएटर. तिथे ऑपेरा लावायचा. गोष्ट साधीच, लग्नाबिग्नाची. पण पडदा उघडला की नट जुना अंगरखा घालून, कमरेला रुंद पट्टा बांधून उभे. तेवढ्यावर प्रेक्षकांत हुंदके. मधेच त्यांचा गावाकडचा नाच सुरू झाला की लोक उठून उभे राहायचे. वरच्या बॉक्समध्ये झारचा सेन्सॉर बसलेला. त्यानं धरायचं तरी काय? नाचाला अटक कशी करणार?"

मी म्हटलं, "आपल्याकडेही नाटकातल्या राक्षसात लोकांना साहेब दिसायचा की."

"दिसायचा ना. म्हणून तर मला समजलं लगेच." मग म्हणाले, "पण स्टाशेक भाबडा नव्हता. तो म्हणायचा, या सगळ्या ऑपेरांत देश म्हणजे जमीनदाराची गढी. आमचे पणजोबा त्यात फक्त नाचायला येतात. नाचून झालं की पुन्हा शेतात. तरी रडू येतं, म्हणायचा. त्याला काय करणार?"

तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांनी हा विषय एकदा मांडला. शाळेच्या जिममध्ये कार्यक्रम होता. फॅशन शो आणि लहान मुलांचा नाच यांच्यामधली दहा मिनिटं त्यांना मिळाली होती. धोतर-सदरा घालून ते उभे राहिले, नादकाटा कानाशी धरला आणि त्या प्रचंड खर्जात पोलिश गायला लागले. दुसऱ्या मिनिटाला मागच्या दाराशी बटाटेवडे आल्याची बातमी पसरली. संपलं तेव्हा समोर काकू, मी, माझा नवरा आणि व्हीलचेअरवरच्या एक आजी होतो. नंतर पार्किंगमध्ये एकाने विचारलं, "काका, कोल्हापूरला महायुद्धात पोलिश निर्वासितांचा कॅम्प होता म्हणे. तुमचं काही कनेक्शन?" काका म्हणाले, "नाही हो." दुसरा म्हणाला, "मग हे कशाला यार? आपली संगीत नाटकं करा ना." काका म्हणाले, "ती करायला तुम्ही आहात." आणि गाडीत जाऊन बसले.

परत येताना त्यांनी आपणहून सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं. "मला नागपुरातून कुणी हाकललं नव्हतं. चांगली नोकरी मिळते म्हणून आलो. आई गेली तेव्हा तिकीट मिळालं नाही म्हणून गेलो नाही. स्टाशेकचा देश लोकांनी नेला, त्याला रडता येतं. मी कोणत्या तोंडानं रडू? म्हणून त्यांच्यात जाऊन उभा राहतो." पुढच्या सीटवर काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

माझं काम होतं एका हस्तलिखिताचं. चर्चच्या तळघरातल्या कपाटात काकांना एक जुना ऑपेरा सापडला होता. पहिलं पान गेलेलं, म्हणून ऑपेराचं नाव नाही आणि रचणाऱ्याचंही नाही. कुणीतरी देश सोडताना ट्रंकेतून आणलेली नक्कल. काकांनी तिकडच्या ग्रंथालयांना पत्रं पाठवून पाठवून पाहिलं, दुसरी प्रत कुठेच नव्हती. पानं इतकी कुरकुरीत की झेरॉक्सच्या काचेवर दाबली तर मोडतील. ती जाड काचेखाली ठेवून मी एकेक सूर कॉम्प्युटरवर उतरवायचा, असं ठरलं. आज वाटतं, एक साधा कॅमेरा आणला असता तर. पण तेव्हा आम्हा दोघांनाही ते सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्या कामाची गरज होती. रोज दहा वाजता कुठेतरी जायचं आहे, यावर माझा तो सगळा काळ निभावला.

काकांचा जीव होता तिसऱ्या अंकात. पोलिश लोकांकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळी टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात, न आलेल्या माणसासाठी. या अंकात सगळं घर जेवायला बसलंय आणि ते ताट रिकामं आहे. ते कुणाचं, हे आई साथीशिवाय एकटीच गाऊन सांगते. मुलगा सैबेरियात आहे, हे ती म्हणत नाही; पण ऐकणाऱ्याला कळतं. मधे मधे मागून पुरुष तीन सुरांत उत्तर देतात, "ओन व्रूचि." तो परत येईल. सेन्सॉरने आईचं गाणं बंद केलं आणि ताट राहू दिलं, कारण ताट मांडणं हा धर्म होता. म्हणजे प्रयोगात ते रिकामं ताट दिसायचं आणि त्याबद्दल कुणी काही म्हणायचं नाही. "अडतीस बार आहेत," काका म्हणायचे. बार म्हणजे त्यांच्या तालाचं एकेक घर. "अडतीस बार कुणीच कधी ऐकले नाहीत. एकदा गाऊन घेऊ. मग मी मोकळा."

काकांच्या घरीही दिवाळीच्या फराळाला एक ताटली जास्तीची असायची. मुलगी अनघा दूर पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला होती, फारशी यायची नाही. काकू ती ताटली परत फडताळात ठेवत म्हणायच्या, "यायची असेल तर फोन करेल ती."

गायकवृंदाची एक रीत होती. तिथल्या वांदाबाई, म्हणजे ऐंशीला टेकलेल्या, काठी घेऊन ताल देणाऱ्या बाई, छापील कागद मानायच्या नाहीत. प्रत्येकाने आपला आवाज आपल्या हाताने वहीत उतरवायचा, तरच तो अंगात मुरतो. काकांच्या वहीत फक्त खर्जाचे सूर होते आणि खाली पोलिश शब्द देवनागरीत. आईच्या गाण्यातला त्यांचा भाग म्हणजे अकरा बार गप्प, तीन सूर, पुन्हा गप्प. ते अकरा बार ते अंगठ्याने बोटांची पेरं मोजत काढायचे. "गाणं कुणीही म्हणतं," ते मला सांगायचे. "गप्प मात्र मोजून बसावं लागतं."

पहिले दोन अंक झाले. नक्कल करणाऱ्याने मधे मधे स्वतःच्या चुका खोडल्या होत्या. त्या मी गाळल्या आणि काकांनी भिंगातून एकेक ओळ तपासून माझी पाठ थोपटली. तिसऱ्या अंकापर्यंत दीड वर्ष उलटलं होतं. काचबिंदूने काकांची नजर अधू झाली होती. माझं वर्क परमिट येऊ घातलं होतं, इंटरव्ह्यू सुरू होते. मी तिसरा अंक तीन आठवड्यांत उरकला. शेवटाकडे चार-पाच पानांवर तांबड्या पेन्सिलीच्या तिरक्या रेघा होत्या. आमच्या प्रोग्रॅमिंगच्या धंद्यात रेघ मारली म्हणजे ती ओळ गेली. तशीच ठेवणारा माणूस गबाळा. मी टापटिपीची होते. काकांनी हजारदा सांगितलेली गोष्ट आणि माझ्या समोरच्या तांबड्या रेघा यांची माझ्या डोक्यात गाठच पडली नाही. पोलिश मला वाचता येत नव्हतं. विचारायला काका स्वयंपाकघरातच होते, कांदा चिरत.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. तुम्ही एकदा बघून घ्या ना."

"तू केलं म्हणजे बरोबरच असेल."

हस्तलिखित त्यांनी दुसऱ्याच दिवशी परत नेऊन कपाटात ठेवलं. दुसऱ्याची वस्तू, काम झालं की परत, असा त्यांचा खाक्या.

पुढच्या उन्हाळ्यात मोठं वादळ झालं आणि चर्चच्या तळघरात गटाराचं पाणी शिरलं. तिथल्या लोकांनी भिजलेलं सगळं कचऱ्याच्या मोठ्या डब्यात टाकलं. हस्तलिखित गेल्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. नवी प्रत आहे ना आता, कॉम्प्युटरवर.

तीन आठवड्यांनी तिसऱ्या अंकाची पहिली तालीम होती, रविवारी दुपारी, चर्चच्या हॉलमध्ये. छापील कागद माझ्या प्रतीवरून काढले होते, त्यावरून प्रत्येकजण आपली वही उतरवणार होता. काकांची वही आधीपासून होती, आणि दिसत नसलं तरी त्यांना सगळं पाठ होतं. मी पियानोवाल्याची पानं उलटायला बसले होते. आईचं काम करणारी बाई त्या दिवशी यायची नव्हती. तिची जागा मनात धरून मोजायची, असं ठरलं होतं. टेबलाचं दृश्य झालं. पियानोने शेवटचे सूर वाजवले, वांदाबाईंनी काठी खाली केली, लोक कागद आवरायला लागले. कुणी खुर्ची सरकवली, कुणी पाणी प्यायलं. मागच्या रांगेत काका डोळे मिटून उभे होते आणि त्यांचा अंगठा पेरांवरून चालला होता.

मग त्या आवरासावरीत, एकट्याने, पूर्ण आवाजात त्यांनी सूर लावला: "ओन व्रूचि."

लोक हसले. वाईट हसले नाहीत, म्हाताऱ्याची मोजणी चुकली म्हणून प्रेमाने हसले. काका हसले नाहीत. त्यांनी डोळे उघडले आणि मी जिथे बसले होते त्या दिशेला पाहिलं.

"मेधा, आईचं गाणं कुठे आहे?"

"काका, तिथे रेघा होत्या. कापलेलं होतं ते."

"कापलेलंच तर गायचं होतं," ते म्हणाले. अगदी हळू म्हणाले, मराठीत, म्हणून दुसऱ्या कुणाला कळलं नाही.

वांदाबाई काठी टेकत आल्या. काय झालं म्हणून विचारलं. काका त्यांच्याशी पोलिशमध्ये बोलले, बराच वेळ. बोलता बोलता त्यांनी दोनदा स्वतःच्या छातीवर हात ठेवला. बाईंचा चेहरा बदलत गेला. शेवटी त्या एक वाक्य बोलल्या आणि निघून गेल्या. झारच्या माणसाने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जे गाणं फक्त खोडलं होतं, ते मी नाहीसं केलं होतं.

गाडीत मी विचारलं, "तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"मी तुला गाळायला सांगितलं होतं, असं."

"काका, असं का?"

"तुला उद्या नोकरी लागेल, तू जाशील. मी इथेच आहे. मला सांभाळून घेतील ते."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, परक्याच्या हातात द्यायला नको होतं."

पंचवीस वर्षं. डावीकडून दुसरे. मला त्याच क्षणी गाडी वळवून परत जायला हवं होतं, बाईंच्या समोर उभं राहून सांगायला हवं होतं की हा माणूस खोटं बोलला, हे मी केलं. मी गप्प बसले. दुसऱ्या आठवड्यात माझा फायनल इंटरव्ह्यू होता. मनाला सांगितलं, तो झाला की जाऊ. नंतर सांगितलं, आता विषय शमला असेल, कशाला उकरायचा.

कुणी काकांना येऊ नका म्हटलं नाही. फक्त तालमीची वेळ कळवणारा फोन यायचा बंद झाला. दोन रविवार ते आपणहून गेले. एकदा हॉलला कुलूप होतं आणि एकदा त्यांच्या जागी दुसरी खुर्ची मांडलेली होती. तिसऱ्या रविवारी काकूंनी त्यांना आरतीला चला म्हटलं तर गेले, आणि शेवटपर्यंत उभे राहिले. काकू मला म्हणाल्या, "इतकी वर्षं मी त्या चर्चला शिव्या घातल्या. आता वाटतं, परत बोलवा म्हणावं यांना. मी डबा देईन तिथे." ट्यूनिंग फोर्क खिशातून गेला. फोन वाजला की सरळ उचलायला लागले.

ऑपेरा कधी झालाच नाही. वृंदातले काही जण पोलंडला परत गेले, काही उपनगरांत पांगले, त्यांच्या मुलांना ती भाषा समजत नव्हती. दोनेक वर्षांत वांदाबाई गेल्या. आम्ही तोवर शिकागो सोडून दुसऱ्या राज्यात, ईडन प्रेरीला आलो होतो. मला ते काकूंच्या फोनवरून कळलं. आता सांगायला कुणी उरलं नाही, हे ऐकून आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची मला अजून किळस येते. शिकागोहून निघताना काकांनी आपली ती वही माझ्या हातात दिली होती. "मला काही दिसत नाही आता. तू ठेव." त्यातल्या आईच्या गाण्याच्या पानावर जवळजवळ काहीच नाही. गप्प बसायच्या खुणा, आणि मधे तीन-तीन सूर. त्या गाण्याचं जगात तेवढंच शिल्लक आहे. ते मला पाठ झालं आहे.

काकू दोन हजार सहात गेल्या आणि अनघाने काकांना बेलव्ह्यूला नेलं. दोन वर्षांनी मी ऑफिसच्या कामाला तिथे गेले असताना तिला फोन केला. ती मला वृद्धाश्रमाच्या दाराशी भेटली. "ही मे नॉट नो यू," ती म्हणाली. मग मोडक्या मराठीत, "बाबा दिवसभर काउंट करतात. स्टाफला वाटतं प्रेयर आहे." तिला मीटिंग होती, ती गेली.

काका खिडकीशी खुर्चीत होते. खूप बारीक झाले होते. समोरच्या टेबलावर दुपारच्या जेवणाचं ताट तसंच होतं. मी नाव सांगितलं, बिल्डिंग सांगितली, पोहे सांगितले. ते शहाण्यासारखी मान हलवत राहिले. मग मी चार वर्षं उशिरा म्हटलं, "काका, मी वांदाबाईंना खरं सांगायला हवं होतं."

"कोण?" त्यांनी विचारलं.

थोड्या वेळाने त्यांनी पाठ ताठ केली, हनुवटी उचलली, डोळे मिटले. अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर गेला आणि चालायला लागला. ती लय मी ओळखली. आई गायला लागली होती. मी माझ्या मांडीवर त्यांच्याबरोबर मोजायला लागले. आठ, नऊ, दहा, अकरा.

त्यांनी तोंड उघडलं नाही. अंगठा पुढे गेला. बारा, तेरा, चौदा. बोटं संपली की पुन्हा करंगळीपासून. चेहऱ्यावर आपला सूर आता येणार अशी तयारी तशीच होती, पण तो कुठे येतो हे त्यांना आठवत नव्हतं. तीनच सूर होते. मी हळूच म्हटले असते तर त्यांनी धरले असते.

मी गप्प बसले. नर्स जेवणाचं ताट उचलून न्यायला आली तेव्हाही ते मोजतच होते.